बडोद्याने आपली फुले जलरंगांत उतरवावीत

लहरीपुरा दरवाजातून आत शिरून मांडवीच्या दिशेने चालू लागावे, तो मंगळबाजाराच्या त्या दाटीवाटीच्या वाटेवर दोहों बाजूंना टांगलेल्या, पसरलेल्या आणि घडी घालून रचलेल्या वस्त्रांवर जी फुले उमललेली दिसतात, त्यांची मोजदाद करू म्हटल्यास दिवस पुरावयाचा नाही. साड्यांचे काठ, ओढण्यांचे पदर, चादरी, अभ्रे, लहान मुलींचे झगे, सर्वत्र वेलबुट्टी, कोयऱ्या, कमळे आणि ज्यांना नाव नाही अशी कितीतरी फुले. या फुलांविषयी माझ्या मनात यत्किंचितही अनादर नाही. ज्या समाजाला अंगावरच्या कापडावरही फूल असल्यावाचून चैन पडत नाही, त्या समाजाचे फुलांवरील प्रेम निराळे सिद्ध करावयास नको. परंतु या हजारो फुलांपैकी एखाद्याकडे बोट दाखवून, हे अमुक झाडाचे, अमुक महिन्यातले, इतक्या पाकळ्यांचे आणि इतक्या केसरांचे फूल होय, असे कोणासही म्हणता येणार नाही, आणि अलंकाराच्या फुलाकडून कोणी तशी अपेक्षाही करीत नाही.

फुलाच्या चित्राचा दुसराही एक प्रकार आहे, आणि त्याच्याकडून मात्र हीच अपेक्षा केली जाते. लहरीपुरा दरवाजासमोर चिझम या स्थापत्यविशारदाच्या योजनेप्रमाणे उभारलेली आणि १८९६ साली पुरी झालेली न्यायमंदिराची भव्य वास्तू आहे. मंडईसाठी म्हणून बांधलेल्या या इमारतीत पुढे न्यायाची कचेरी बसली आणि पिढ्यानपिढ्या तेथे माणसांच्या जबान्या पारखल्या गेल्या. वनस्पतिशास्त्रीय चित्र हीदेखील एक जबानीच असते. त्यात जे रंगविले आहे ते चित्रकाराने प्रत्यक्ष पाहिले, मोजले आणि त्याची शहानिशा केली, असा त्या कागदाचा दावा असतो. एक पाकळी अधिक झाली किंवा एक केसर उणा झाला, तर चित्र कितीही मनोहर असले तरी ती साक्ष खोटी ठरते. असल्या साक्षी कागदावर, जलरंगांत, या शहराने आता पद्धतशीरपणे नोंदवून घ्याव्यात, त्यासाठी लागणारे सर्व काही या शहरात शंभर-सव्वाशे वर्षांपासून जमत आलेले आहे आणि केवळ त्यांची गाठ घालून देण्याचे काम उरले आहे, असे माझे मत आहे, आणि तेच येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

प्रथम ही कला काय मागते ते पाहू. उन्हाळ्यात बडोद्याच्या रस्त्यांवर बहावा फुलतो. ज्याला आपले गुजराती शेजारी गरमाळो म्हणतात तोच हा वृक्ष. पिवळ्या घोसांनी लगडलेला तो वृक्ष पाहून थबकला नाही असा मनुष्य विरळा. पण त्या घोसातील एक फूल हाती घेऊन पाहणारे किती निघतील? त्या फुलात पाच पाकळ्या असतात, आणि दहा केसर. मात्र हे दहा केसर एकसारखे नसतात. तीन लांब, डौलाने वळलेले, पाकळ्यांच्याही बाहेर डोकावणारे. चार मध्यम उंचीचे. आणि तीन अगदी आखूड, जणू वाढ खुंटलेले. ही तीन, चार, तीन अशी वाटणी निसर्गाने त्या झाडाला दिलेली सनद आहे, आणि ज्या चित्रात ती उतरली नाही ते बहाव्याचे चित्र नव्हे, पिवळ्या रंगाचे चित्र होय. म्हणून वनस्पतिचित्रकार पूर्ण घोस रंगवून थांबत नाही. त्याच कागदाच्या खालच्या भागात तो एक फूल उभे चिरून त्याचा छेद काढतो, संवर्त, पुष्पमुकुट, केसरदले आणि किंजदल वेगवेगळी करून भिंगाखाली पाहतो, किंजपुटाचा आडवा छेद मोठा करून दाखवितो आणि प्रत्येकापाशी तो मुळाच्या किती पट मोठा आहे हे नमूद करतो. कागदावर सर्वांत सुंदर दिसणारा भाग घोसाचा असतो. सर्वांत मोलाचा भाग बहुधा या खालच्या लहान लहान आकृतींचा असतो.

कामाचा क्रमही फुलाच्या आयुष्याने ठरविलेला असतो. फांदी तोडून पाण्यात ठेवल्यापासून काळ धावू लागतो. पाने दोन-तीन दिवस तग धरतात, पाकळ्या कित्येकदा दुपारपर्यंतही धरीत नाहीत. म्हणून फूल आधी, पान मागून आणि देठ शेवटी. परकाराने लांबी-रुंदी मोजून पेन्सिलीने रेखाटन होते, ते गुळगुळीत पृष्ठाच्या जाड सुती कागदावर उतरविले जाते, प्रकाश डाव्या बाजूने वरून येत आहे असे धरून छाया ठरविल्या जातात, आणि मग रंगाचे पातळ हात एकावर एक, पहिला सुकल्यावर दुसरा, असे चढू लागतात. तैलरंगात चूक झाकता येते. जलरंगात चूक कागदावर कायम राहते, कारण येथे पांढरा म्हणून जो दिसतो तो रंग नसून कोरा राखलेला कागद असतो आणि पाकळीवरचा उजेड हा मुळातच सोडून दिलेल्या जागेतून येतो. म्हणूनच फुलांसाठी हे माध्यम शेकडो वर्षे टिकले आहे: पाकळीतून उजेड जसा आरपार येतो, तसाच तो या रंगातून येतो. शेवटी, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने, शिरा, लव, परागकोशांवरील धूळ. फर्डिनांड बाउअर हा चित्रकार १८०१ ते १८०३ या काळात ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने प्रवास करीत असता, सर्व वनस्पती जागच्या जागी रंगविण्याइतका अवधी नसल्यामुळे, त्याने सुमारे हजार रंगछटांना आकडे लावून ठेविले होते; रेखाटनावर ते आकडे मांडून ठेवावयाचे आणि पुढे युरोपात परतल्यावर त्यांवरून चित्र पुरे करावयाचे, अशी ती योजना. रंगाविषयी इतका काटेकोरपणा ज्या कलेत आहे, तिला केवळ छंद म्हणून बाजूस सारणे मला अन्यायाचे वाटते.

येथे वाचक विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की खिशातील दूरध्वनीत कॅमेरा असता हा खटाटोप कशासाठी? छायाचित्राची उपयुक्तता मला पूर्णपणे मान्य आहे. झाड कोठे उभे आहे, कोणत्या दिवशी फुलले, भोवती काय आहे, हे छायाचित्र एका क्षणात आणि निर्विवादपणे सांगते, आणि आज हजारो हौशी अभ्यासकांच्या छायाचित्रांमुळे वनस्पतींच्या विस्ताराविषयी जी माहिती गोळा होत आहे ती पूर्वीच्या कोणत्याही पिढीला लाभली नव्हती. परंतु छायाचित्र एका झाडाचे असते, चित्र त्या जातीचे असते. कॅमेऱ्यासमोर जी फांदी आली तिच्यावरील किडीने खाल्लेले पान, वाऱ्याने मुडपलेली पाकळी, दुपारच्या उन्हाने भडक झालेला रंग, यांतील विशेष कोणते आणि अपघात कोणता हे कॅमेऱ्याला कळत नाही. चित्रकार पाच-सहा नमुने समोर ठेवून, जे सर्वांत समान ते घेतो आणि जे एकाचेच ते सोडतो. शिवाय लहान फुलाच्या छायाचित्रात पुढील केसर स्पष्ट आले तर मागील पाकळी धूसर होते; चित्रकाराच्या डोळ्याला अशी मर्यादा नाही, कारण तो प्रत्येक भाग स्वतंत्र पाहून मग त्यांची जुळणी करतो.

याहूनही निर्णायक गोष्ट काळाची. पळसाचे उदाहरण घ्या. फाल्गुनात, पाने झडून गेलेल्या फांद्यांवर, मखमलीसारख्या काळपट संवर्तातून ती केशरी तांबडी फुले बाहेर पडतात, ज्यांना गुजरातेत केसुडो म्हणतात आणि ज्यांच्या पाण्याने होळी खेळली जाते. पाकळ्यांच्या बाह्य पृष्ठावर रेशमी लव असते. खालची नौकेसारखी पाकळी पोपटाच्या चोचीप्रमाणे वळलेली असते. तिच्या आत दहा केसरांपैकी नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा. त्रिदली पाने येतात ती फुलांच्या मागून, आणि चपट्या शेंगा, ज्यांच्या केवळ टोकापाशी एकच बी असते, त्याही नंतर. मग पळस म्हणजे काय, हे कोणत्या दिवशीच्या छायाचित्रात सापडणार? तो संपूर्ण पळस फक्त चित्रकाराच्या कागदावरच एकत्र येऊ शकतो, कारण तोच एक मनुष्य फाल्गुनात फूल, पुढे कोवळे पान आणि उन्हाळ्यात शेंग अशा तीन वाऱ्या करून तिन्ही काळ एका पृष्ठावर मांडतो. पावसाळ्यात कुंपणांवर चढणारी कळलावी याच कारणाने छायाचित्रकाराला फसविते: तिच्या मागे वळलेल्या, कडांनी लहरदार पाकळ्या उमलताना हिरवट पिवळ्या असतात आणि वय वाढेल तसतशा तांबड्या होत जातात, किंजल काटकोनात वळलेला असतो, पानांची टोके ताणव्यांसारखी गुंडाळलेली असतात, एका वेलीवरील कळी, नवे फूल आणि जुने फूल शेजारी शेजारी रंगविल्यावाचून तिची हकीकत पुरी होत नाही. आणि शुष्क नमुन्यांविषयी म्हणाल, तर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जपून ठेविलेले दाबलेले नमुने आकार आणि बांधणी वर्षानुवर्षे राखतात, पण रंग मात्र काही दिवसांतच सोडून देतात. कळलावीचा अग्नी तेथे तपकिरी होऊन जातो. नमुना जे गमावितो ते जलरंग राखतात, म्हणून हे दोघे परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून पूरक आहेत.

या चित्रांचे शास्त्रातील वजन किती, याची साक्ष आपल्याच भाषाबंधूंच्या हातच्या एका कागदाने द्यावी असा योग आहे. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींचे जे प्रचंड वर्णन तयार करविले, त्याचे बारा खंड आम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात निघाले आणि त्यांत ७०० हून अधिक वनस्पतींची ताम्रपटांवरून छापलेली चित्रे आहेत. या कामी इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट असे तीन कोंकणी ब्राह्मण होते, आणि आपण माहिती कशी जमविली हे सांगणारे त्यांचे १६७५ सालचे प्रतिज्ञापत्र नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलेले आहे. पुढे १७५३ साली लिनिअसने जगातील वनस्पतींना दोन पदी नावे देण्याचा उद्योग केला, तेव्हा ज्या कित्येक भारतीय झाडांचे नमुने त्याने कधी पाहिलेही नव्हते त्यांच्यासाठी त्याने याच चित्रांचा आधार घेतला. आणि नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत अशा जुन्या नावांचा मूळ पुरावा म्हणून नमुन्याऐवजी चित्र ग्राह्य धरले जाते. म्हणजे आजही या देशातील काही वनस्पतींच्या नावाचा वाद उद्भवला, तर निवाडा साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका रेखाटनावर होतो. कोणत्या दरबारी सनदेला एवढे आयुष्य लाभले आहे?

त्याआधी जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने काश्मीरची शंभराहून अधिक फुले रंगविल्याचे खुद्द बादशहाने नमूद करून ठेविले आहे, आणि नंतर कलकत्त्याच्या बागेत रॉक्सबर्गने हिंदी चित्रकारांकडून सुमारे २५०० चित्रे काढविली; हा इतिहास इतरत्र पुष्कळ सांगितला गेला आहे. मला रेंगाळावयाचे आहे ते पुण्याजवळच्या दापुरीपाशी, जिला आपण आज दापोडी म्हणतो. तेथे मुंबई सरकारची वनस्पतिबाग होती आणि डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे तिचे अधीक्षक होते. दख्खनच्या अरण्यांच्या रक्षणासाठी सरकार दरबारी आग्रहाने लिहिणारा, पुढे इलाख्याचा अरण्याधिकारी झालेला आणि डॅल्झेल यांच्यासह १८६१ साली मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध करणारा हा गृहस्थ. त्याने १८४७ ते १८५० या काळात एका हिंदी चित्रकाराकडून बागेतील आणि आसपासच्या मुलखातील वनस्पतींची १५० हून अधिक जलरंगचित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात आहेत, आणि हेन्री नोल्टी या अभ्यासकाने त्यांवर २००२ साली ग्रंथ लिहिल्यामुळे जगाला ती माहीत झाली. बाग मागेच मोडली, चित्रे राहिली. पण ज्याने ती काढली त्याचे नाव कागदोपत्री उरले नाही. बागेचा अधीक्षक कोण, गव्हर्नर कोण, जमीन कोणाची, हे सर्व दफ्तरात आहे. पाकळीवरचा उजेड ज्याच्या हाताने राखला गेला तोच तेवढा दफ्तराबाहेर राहिला. मराठी मुलखातील वनस्पतिचित्रणाचा हा एवढा मोठा संग्रह, आणि त्याच्या कर्त्याला आपण नावाने हाकही मारू शकत नाही, याची खंत मला वाटत आली आहे.

हे सर्वत्र असेच होते असे नाही. मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट याने आपल्या गोविंदू नावाच्या चित्रकाराच्या सन्मानार्थ आमरीच्या एका प्रजातीला गोविंदूइया असे नाव दिले. कलकत्त्याच्या वॉलिकच्या १८३० ते १८३२ मधील ग्रंथात विष्णुप्रसाद आणि गोराचंद यांची नावे चित्राखाली छापलेली आहेत. म्हणजे नाव नोंदविणे त्या काळीही शक्य होते. ते ज्याच्या मनात आले त्याने नोंदविले. पुढील काळात आपल्यापैकी लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर या वैद्यकतज्ज्ञाने मेजर बसू यांच्यासह हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींचा जो महाग्रंथ सिद्ध केला, तो कीर्तिकरांच्या निधनानंतर १९१८ साली अलाहाबादेहून प्रसिद्ध झाला आणि त्यात हजारावर चित्रफलक आहेत. त्या उद्योगापुढे मी नतमस्तक आहे. परंतु त्यातील पुष्कळ चित्रे पूर्वीच्या ग्रंथांतील चित्रांवरून घेतलेली आहेत, रंगाविना आहेत, आणि आपल्या वैद्यांना व विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखण्यासाठी दीर्घकाळ अशा उसन्या चित्रांवरच विसंबावे लागले, हेही सांगितले पाहिजे.

आता बडोद्याकडे वळू. महाराज सयाजीरावांच्या कारकिर्दीत या शहरात ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांची यादी या दृष्टीने एकदा वाचून पाहावी. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली कमाटीबाग. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन, जेथे रंगशास्त्र आणि चित्रकला एकाच छपराखाली शिकविली जात आणि जेथे दादासाहेब फाळके यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. १८९४ साली बागेतच वस्तुसंग्रहालय. आणि बागांच्या व्यवस्थेसाठी इंग्लंडातील क्यू उद्यानात काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगेल, जे १८९३ साली बडोद्यास नोकरीस आले. अचूकपणाची या संस्थानाला केवढी आवड होती याचा दाखला म्हणून १९३१ सालच्या श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरूकडे पाहावे: राज्यकारभारातील एकेक संज्ञा आठ भाषांत समोरासमोर मांडून ठरविण्याचे ते काम. एका शब्दासाठी आठ भाषा धुंडाळणाऱ्या या संस्थानाने, आपल्या मुलखातील एकेका झाडासाठी एकेक कागद रंगवून घेण्याचे मनात आणले असते, तर माणसे, बाग आणि खजिना, तिन्ही हाताशी होती.

तो योग दुसरीकडे जुळला. क्रुंबिगेल १९०८ साली बडोदे सोडून म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरच्या लालबागेचे प्रमुख झाले. त्या बागेने चेलुवय्या राजू नावाचा चित्रकार पदरी बाळगला होता, आणि त्याने जलरंगांत उतरविलेली फुला-फळांची चित्रे आजही लालबागेच्या संग्रही आहेत. माळी जसा बागेच्या पगारपत्रकावर असतो, तसाच चित्रकारही असावा, ही एवढी साधी तरतूद. माझ्या सर्व म्हणण्याचे सार शोधणाऱ्याने या तरतुदीकडे पाहावे, कारण मला बडोद्यासाठी हवी आहे ती हीच.

आज तर परिस्थिती संस्थानी काळाहूनही अनुकूल आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. पुष्पबागेतील त्याची ललितकला विद्याशाखा १९५० पासून देशभर नावाजलेली आहे, आणि नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारख्या श्रेष्ठ चित्रकाराने तेथे दीर्घकाळ अध्यापन केले आहे. त्याच विद्यापीठाची विज्ञानशाखा सयाजीगंजात, कमाटीबागेपासून हाकेच्या अंतरावर. तिच्या वनस्पतिशास्त्र विभागातील चव्हाण आणि ओझा यांनी १९६६ साली पावागडच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. चित्रकार आणि शास्त्रज्ञ एकाच विद्यापीठाचे पगारदार, एकाच शहराचे रहिवासी. पण एकाच टेबलाशी, एकाच फुलासमोर, वर्षानुवर्षे बसतील अशी व्यवस्था कोणी लावून दिलेली नाही.

याचे एक कारण पैशाचे नसून प्रतिष्ठेचे आहे, आणि ते स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या कलाशिक्षणात असा एक ग्रह दृढ झाला आहे की जो वस्तू जशीच्या तशी उतरवितो तो कारागीर आणि जो ती मोडून नवी करतो तो कलावंत. या वर्गवारीने वनस्पतिचित्रकाराला न कलावंतांच्या पंक्तीत पान मिळते, न शास्त्रज्ञांच्या. परंतु ज्याने कोऱ्या कागदावर पंचवीस पानांची फांदी मांडताना कोणते पान पुढे यावे, कोणते मागे जावे, कोणते उलटे करून त्याची पाठ दाखवावी, फुलाच्या भाराने देठ किती झुकावा, मोकळी जागा कोठे राखावी, याचा विचार केला आहे, त्याला रचना ही काय वस्तू आहे हे कोणी शिकवावयास नको. सत्याशी बांधून घेतल्यामुळे कला उणी होते हे मला मान्य नाही. छंदोबद्ध कवितेला आपण तो आक्षेप घेत नाही. सह्याद्रीतील महावृक्षांवर निरुपा राव यांनी काढलेल्या जलरंगचित्रांचे पुस्तक २०१८ साली निघाले. त्यातील वृक्ष पाहून, हे शास्त्र की कला असा प्रश्न कोणत्याही रसिकाला पडणार नाही.

तेव्हा माझी मागणी अशी. विद्यापीठाने वनस्पतिशास्त्र विभागात वनस्पतिचित्रकाराचे एक कायम पद निर्माण करावे. मानधनावरचे, वर्षाकाठी संपणारे नव्हे, कारण पळसासाठी जसे तीन ऋतू लागतात तसेच चित्रकाराचा डोळा तयार व्हावयासही वर्षे लागतात. त्याच्या हाताखाली ललितकला विद्याशाखेतील दोन-तीन विद्यार्थी उमेदवारी करोत. बडोदे, पावागड आणि छोटाउदेपूरचा वनप्रदेश एवढे क्षेत्र ठरवून दरसाल २४ फलक पुरे व्हावेत. दहा वर्षांत २४० वनस्पतींची मालिका उभी राहील, आणि तिच्यात ज्यांची फुले आपण रोज पाहतो पण ज्यांचे केसर कधी मोजले नाहीत अशी झाडे आधी यावीत, दुर्मिळ मागून. मोहाच्या फुलासाठी चित्रकाराला रात्री झाडाखाली बसावे लागेल, कारण ती फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळून पडतात. त्याच्या प्रवासाची व मुक्कामाची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र असावी, हा तपशील वाटतो तितका क्षुल्लक नाही. प्रत्येक चित्राबरोबर त्याच फांदीचा दाबलेला नमुना त्याच क्रमांकाने संग्रही ठेवावा, म्हणजे शंका आल्यास कागद आणि नमुना एकमेकांस रुजू घालता येतील. खालच्या मजकुरात शास्त्रीय नावाशेजारी मराठी आणि गुजराती नावे एकाच ओळीत असावीत. या शहरात दोन्ही भाषा शेजारणींसारख्या नांदल्या आहेत. आणि प्रत्येक फलकावर, संस्थेच्या नावाआधी, चित्रकाराचे नाव असावे. दापुरीच्या त्या अज्ञात माणसाचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

ही चित्रे लोकांनी पाहावयाची कोठे, हाही प्रश्न आहे. न्यायालय दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेल्यापासून लहरीपुऱ्यासमोरची ती जुनी वास्तू न्यायदानाच्या कामातून मोकळी झाली आहे, आणि तिचा उपयोग शहराच्या इतिहासासाठी व्हावा असा विचार लोकांत रुजलेला आहे. तेथील एक दालन या मालिकेला मिळावे. बाजारात लग्नाचा बस्ता बांधावयास आलेल्या कुटुंबातील मुलांना दहा मिनिटे तेथे शिरता यावे, प्रवेश विनामूल्य असावा, आणि प्रत्येक चित्राखाली एक भिंग टांगलेले असावे. मूळ चित्रे मात्र कायम टांगू नयेत. जलरंग उजेडाने विटतात, विशेषतः तांबड्या छटा, आणि पावसाळ्यातील दमट हवा कागदाला बुरशी आणते. म्हणून तीन-तीन महिन्यांनी चित्रे बदलावीत, उरलेली अंधाऱ्या, कोरड्या पेट्यांत ठेवावीत, आणि सर्वांच्या उत्तम प्रतिकृती शाळांकडे जाव्यात.

खर्चाविषयी जो आक्षेप येईल त्याला माझे उत्तर थोडक्यात आहे. एक पगार, दोन-तीन विद्यावेतने, कागद, रंग, कुंचले, एक चांगले सूक्ष्मदर्शक आणि प्रवासखर्च, एवढाच हा व्यवहार; कोणत्याही महोत्सवाच्या रोषणाईशी याची तुलना करून पाहावी. ज्या लंडनच्या नियतकालिकाने १७८७ पासून वनस्पतींची चित्रे प्रसिद्ध केली, त्याचे छापील फलक १९४८ पर्यंत एकेक करून हाताने रंगविले जात होते. खर्चाचे कारण तेथेही सांगता आले असते.

कामाचा पहिला वर्षक्रम आखणे कठीण नाही: फाल्गुनात पळस, सावर आणि पांगारा, चैत्रात मोह, वैशाखात बहावा, श्रावणात कळलावी, आणि मागाहून त्या त्या झाडांची पाने व शेंगा. यातील पहिली तीन झाडे एकामागून एक फुलतात आणि महिन्या-दीड महिन्यात उरकून जातात, त्यामुळे नेमणुकीचा हुकूम चैत्रात निघाला तर पहिला पळस वर्षभर लांबणीवर पडेल. मंजुरीचा कागद माघ संपण्यापूर्वी सही होऊन चित्रकाराच्या हाती पडावयास हवा.